दुसरा इनास

इनास,

काल गवंडी येऊन गेला. तुझ्या थडग्याची माती अजून पुरती बसलेली नाही, एवढ्यात दगड ठेवला तर खचेल, असं त्यानं आधी सांगितलं. मग कान खाजवत म्हणाला, "आप्पा, दगडावर नाव काय घालू? बाजूच्या बारक्या दगडावर बी हेच नाव हाय. बघणाऱ्याचा घोटाळा व्हईल." मी म्हणालो, बाबा, घोटाळा व्हायचा तेव्हाच झालाय, आता नवा काय होणार! त्याला काही कळलं नाही. उद्या सांगतो म्हणून मी त्याला वाटेला लावलं. तू तिथं असतास तर आधी खो खो हसला असतास आणि मग एकदम गप्प झाला असतास. शेवटी शेवटी तुझं तसंच व्हायचं.

तुझी खुर्ची दुकानात अजून तिथंच आहे, बियाण्यांच्या पोत्यांमागे. पेरणीच्या दिवसांत गिऱ्हाईक वाढलं की मी तुला ऊठ म्हणायचो आणि तू उठायचा नाहीस. "रेल्वेत उभ्यानं नोकरी केली, आता बसू दे," म्हणायचास. आता एखादा शेतकरी त्या खुर्चीवर बसायला लागला की माझ्या तोंडून निघतं, तिथं नको, इकडं बसा. लोकांना वाटतं खुर्ची मोडकी आहे.

आपली गट्टी जमली ती मेलेल्या भावंडांमुळं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आधीची दोन गेली, म्हणून मी जन्मल्या जन्मल्या आईनं मला उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या म्हातारीनं सुपात उचलून परत आणून दिलं आणि नाव ठेवलं धोंडिबा. दगडाधोंड्याला कोण नेतंय, ही त्यामागची अक्कल. तुझ्या घरी बरोबर उलटं. गोव्याहून रेल्वेत इंजिन चालवायला आलेले तुझे वडील इथं पूर्णेलाच राहिले. त्यांचं पहिलं पोर चालायला लागायच्या आत गेलं. त्याचं नाव इनास. दुसरा तू झालास आणि त्यांनी तेच नाव उचलून तुला दिलं. आजोबांचं नाव, ते वाया कसं घालवायचं! "तुझ्या मायनं मरणाला फसवलं, माझ्या मायनं त्याच्याकडून वस्तू परत मागून घेतली," असं तू म्हणायचास. यातली कुठली रीत बरी, हे भांडण आपण शाळेत असताना सुरू केलं होतं. ते अजून मिटलेलं नाही.

ख्रिस्ती दफनभूमीत मी पहिल्यांदा आलो तो तुझ्यासोबतच. नोव्हेंबरातला तुमचा मेलेल्यांचा दिवस होता. तुझ्या आईनं तुझ्या हातात मेणबत्ती दिली आणि तू जाऊन एका वीतभर दगडापुढे ती लावलीस. दगडावर मराठीत लिहिलं होतं, इनास. मला नुकतं वाचता यायला लागलं होतं. मी तुला विचारलं, "इथं तर तूच हायस की रं?" तू सहज म्हणालास, "हां, ते माझं आधीचं." एखाद्यानं जुन्या चपला दाखवाव्यात तसं. मी घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि त्या पोराच्या घरी दिवेलागणीला थांबायचं नाही, अशी ताकीद दिली.

अर्थात मी थांबलोच. आणि दिवेलागणीचं ते मी पाहिलं. तुमच्या घराच्या मागच्या दारातून दफनभूमीची भिंत दिसायची. तुझी आई त्या दारात उभी राहून हाक मारायची, "इनाऽस." आपण दोघं तिच्या पाठीशी, घरातच, पाटीवर गणितं करत बसलेलो. तू ओ द्यायचास. ती वळायची नाही. तू पुन्हा ओ द्यायचास, मोठ्यानं. तरी ती भिंतीकडेच बघत राहायची, कुणी येतंय का याची वाट बघावी तशी, आणि मग जरा वेळानं दार लावून घ्यायची. एकदा मी धीर करून म्हणालो, "मावशी, इनास तर हितं बसलाय." ती हसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "ठाऊक हाय रे बाळा. एकाच हाकेत दोघांना बोलावते."

पुढं आपण मोठे झालो. तू गार्डच्या डब्यात चढलास, मी वडिलांच्या गादीवर बसलो, दोघांचीही लग्नं झाली, आणि या गोष्टी आपण चेष्टेत घालवल्या. पूर्णेत तुम्ही पुरता आणि आम्ही लिंगायतही पुरतो, फक्त मेलेल्याला बसवून, म्हणून तू म्हणायचास, "धोंड्या, तू बसून जाणार, मी झोपून. माझा प्रवास आरामाचा." इतकी वर्षं या विनोदाला मी हसलो. तुला खड्ड्यात उतरवलं तेव्हाही मला तोच आठवला आणि मी हसलो. तुझ्या चर्चच्या लोकांनी माझ्याकडे चमकून बघितलं. वाटू दे त्यांना काय वाटायचं ते.

सगळं उकरून निघालं ते लीनामुळं. तुझ्या लेकीला घराण्याचा वंशवृक्ष करायचा होता. तिनं फोनवरून टुमणं लावलं, पप्पा, तुमच्यापासून सुरुवात करा. तू तुझ्या बाप्तिस्म्याचा दाखला मागवलास. गोव्याकडची माणसं असे जुने दाखले काढून पोर्तुगालचं नागरिकत्व घेतात, म्हणून गावात लगेच बोभाटा झाला की इनासराव आता पोर्तुगालला चालले. मीसुद्धा तुला छळलं, "लिस्बनला गेल्यावर बियाण्याची एजन्सी दे रं." तू दाखला घेऊन दुकानात आलास, तो माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालास, "वाच. तारीख वाच."

तारीख तुझी नव्हती. त्या आधीच्याची होती. आणि समासात तुझं लग्न लिहिलेलं होतं, मेरीवहिनींच्या नावासकट.

तुमच्यात लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी, समासात लिहून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. तू चर्चमध्ये जाऊन मूळ वही पाहून आला होतास. तुझी स्वतःची नोंद काही पानं पुढे होती, आईबापांची तीच नावं, पोराचं तेच नाव, आणि तिचा समास कोराच्या कोरा. तुझ्या लग्नाच्या वेळच्या म्हाताऱ्या पाद्रींनी वही पुढून चाळली असणार, पहिला इनास दिसला आणि तिथंच लिहिलं. त्या घरात असाच दुसरा असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? मी पोट धरून हसलो. "म्हंजे वहिनीचं लगीन त्या बारक्याशी झालं की रं!" तू हसला नाहीस. दाखल्याची घडी घालून खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "मग मी कोन?"

तिथून तुझं वेड सुरू झालं. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं लीनानं तुला मोबाईलवर उघडून दिली आणि तू माझ्या दुकानात बसून ती बोटांनी ताणून ताणून वाचायला लागलास. पोर्तुगीज तुला कुठली येतेय! पण नोंद सगळी एकाच साच्याची, पाच-पंचवीस शब्द ओळखीचे झाले की झालं. अमुक दिवशी, या चर्चमध्ये, मी बाप्तिस्मा दिला, नाव, कुणाचा मुलगा, आजा कोण, आजी कोण, धर्मबाप कोण. तू मला शिकवायला लागलास. त्या भाषेत बापाला पाय म्हणतात, हे ऐकून मी म्हणालो, आईला माय आणि बापाला पाय, चांगलंय, चेपून घ्यायला बरं. तेवढ्यापुरता तू हसलास.

मग काही पानं मोबाईलवर मिळेनात, तेव्हा तू मला ओढून गोव्याला घेऊन गेलास. अख्खं गाव समुद्रावर निघालेलं आणि आपण दोन म्हातारे तुझ्या आजोबांच्या गावच्या चर्चच्या कचेरीत, पंख्याखाली वह्या उघडून. ते कागद आठवतात? किड्यांनी पानाच्या आरपार वाटा काढलेल्या, आणि जिथं लिहिलेलं तिथंच कागद जास्त खाल्लेला. शाईच कागद खाते, असं वह्या सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. काही पानांवर नुसत्या नावाच्या आकाराची भोकं होती. तू ते पान उजेडाला धरलंस आणि टेबलावर उजेडाची अक्षरं पडली. बाई ओरडल्या म्हणून तू ते खाली ठेवलंस.

तुझे आजोबा सापडले. इनास. आईबापांची नावं जुळली, गाव जुळलं, समासात लग्नही होतं. तू खूश झालास. आणि मग, न राहवून, तू पुढची पानं चाळलीस. मी तुला म्हणालो होतो, मिळालं ना, आता चल जेवायला. दोन वर्षं पुढे तेच आईबाप, तेच गाव, तेच नाव, समास कोरा. बाईंनी पुरलेल्यांची वही काढून दिली. पहिला इनास तान्हा असतानाच गेला होता. आजोबा दुसरे. त्यांचंही लग्न मेलेल्या बाळाच्या नावावर. तू आणखी मागे गेलास, आजोबांच्या आजोबांपर्यंत. तेव्हा समासात लग्न लिहायची रीत नव्हती, पण नाव दोनदा होतंच. पहिला गेलेला, दुसरा जगलेला. त्याच्या आधीचं पान भोकं पडलेलं.

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, त्या काळी असं फार घरांत होतं, गेलेल्याचं नाव पुढच्याला द्यायचे, आणि समासातली चूकही तुमच्या एकट्यांची नाही. मला ते पटलं. मला अजूनही पटतं. मी हिशेबी माणूस आहे, उगवलं तर बी चांगलं, नाही उगवलं तर खोटं, याच्यापलीकडे माझी मजल नाही. पण तू बाहेर येऊन त्या चर्चमध्ये एकटाच गेलास, जिथं पोरांना पाणी घालतात त्या दगडी कुंडापाशी बराच वेळ उभा राहिलास आणि परत आलास तेव्हा तुझं तोंड उतरलेलं होतं.

काय झालं ते सांगितलंस परतीच्या गाडीत. भर दुपार, समोर एक बाई पोराला पोहे भरवत होती. तू खिडकीकडे तोंड करून म्हणालास, "तिथं मला हाक आली धोंड्या. मायची. मी ओ दिली न्हाई." मी म्हणालो, बरं केलंस, ऊन लागलं असंल तुला. तू म्हणालास, "मी न्हाई दिली. पन कुनीतरी दिली."

मी पाण्याची बाटली तुझ्या हातात दिली. दुसरं काय करणार? मग तू ते सांगितलंस, ज्याच्यासाठी आज मी हे लिहितोय. "लीनाला दिवस गेलेत. पहिलंच हाय. पोरगा झाला तर ती माझंच नाव ठिवणार, मला ठाऊक हाय. तिला सांग, ठिवू नको. हे नाव पयल्याला लाभत न्हाई. पयला जातो अन् मग दुसऱ्याला मिळतं."

मी भडकलो. "तुझी लेक, तू सांग. मी कशाला? अन् त्या काळी घरोघर लेकरं जायची. आमची दोन गेली, त्यांची नावं काय इनास होती का?"

तू शांतपणे विचारलंस, "मग तुझ्या मायनं तुला धोंड्या कामून म्हनलं?"

पूर्णा येईपर्यंत मी याचं उत्तर शोधत होतो. तू सांग, मी नाही, तूच सांग, यावर आपण पुढं कितीतरी दिवस दुकानात हुज्जत घातली. तुझं म्हणणं, बापानं सांगितलं तर पोरीला धसका बसेल. माझं म्हणणं, मी सांगितलं तर ती मला खुळ्यात काढेल. लीना बाळंतपणाला माहेरी आली, तू तिच्यासाठी अळीव, डिंक, खोबरं गोळा करत फिरलास, पण दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. आणि एका दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. झोपून गेलास, म्हणाला होतास तसाच.

नंतर लीनाला मुलगा झाला. सगळं गाव म्हणालं, इनासराव परत आले. लीना रडत हसत म्हणाली, नाव तर ठरलेलंच आहे. आणि इनास, खरं सांगतो, मी गप्प बसलो ते भीतीनं नाही. मला ते नाव हवं होतं. या गल्लीत पुन्हा कुणी इनास म्हणून हाक मारावी आणि कुणीतरी पळत यावं, एवढंच मला हवं होतं. तुझा निरोप गिळून टाकावा, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. मेलेला माणूस काय विचारायला येतोय?

बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. मेरीवहिनी आता नाहीत, म्हणून आमची ही लीनाच्या मदतीला तिथंच मुक्कामाला होती. लीना बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, म्हणाली, "काका, एक गंमत बघा. सोन्या म्हनलं, राजा म्हनलं, की हा माझ्याकडं बघतो. अन् आता बघा हं. इनास!"

बाळानं मान वळवली आणि मागच्या दाराकडे बघितलं. एकटक. कुणी ओळखीचं उभं असावं तसं.

"उजेडाकडं बघायलाय," आमची ही म्हणाली. दार लावलेलं होतं. उजेड दुसऱ्या बाजूला होता. लीना पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात मी जवळजवळ ओरडलोच, "नको. थांब."

मग मी सगळं सांगितलं. वह्या, समास, आजोबा, गाडीतलं बोलणं. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. ती मला खुळ्यात काढेल, ही माझी भीती खोटी ठरली. ती म्हणाली, "पप्पा शेवटी शेवटी मला नावच काढू देत नव्हते. मला वाटायचं, लाजायलेत." आणि मग रडली, तू गेलास तेव्हा रडली नव्हती तशी. मलाही आवरलं नाही.

"मग काय म्हनू याला, काका?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "चर्चमध्ये तुला पाहिजे ते ठेव. घरात धोंड्या म्हण. या नावाला मरण भितं, मी त्याचा पुरावा हाय."

आमची ही एकदम अंगावर आली. "अहो, काय बोलायलात? जित्या मानसाचं नाव लेकराला देतेत का? आयुष्य वाटलं जातं."

"वाटू दे की," मी म्हणालो. "राहिलेलं काय गाठीला बांधून न्यायचंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. पण उठून मीठमोहऱ्या आणल्या आणि बाळावरून ओवाळून टाकल्या, मग माझ्यावरूनही.

चर्चमध्ये त्याला जोसेफ नाव दिलं. नोंद लिहिताना मी पाद्रींच्या खांद्यावरून बघत होतो. समास कोरा आहे. तो तसाच राहू दे, त्याचं लग्न होईपर्यंत. हे पाद्री नवे आहेत, तरुण आहेत. मी त्यांना तुझ्या नोंदीचं विचारलं. ते म्हणाले, काका, चूक दुरुस्त करता येईल, तिकडचं खोडून इकडं लिहू. मी हो म्हणालो आणि दारापर्यंत जाऊन परत आलो. म्हणालो, इकडं लिहा, पण तिकडचं खोडू नका. त्या बाळाला आयुष्यात तेवढंच मिळालंय. चुकून का होईना.

आणि आज सकाळी गवंड्याला सांगून आलो. घोटाळा होऊ नये म्हणून तुझ्या नावाखाली दोनच शब्द घालायला सांगितलेत: मोठा झालेला.

आत्ता येताना तुझ्याकडूनच आलो. मेणबत्त्या दोघांपुढेही लावल्या, बारक्याच्या दगडापुढे एक आणि तुझ्या जागेवर नुसत्या मातीत एक. दिवेलागण झाली होती. भिंतीच्या पलीकडे तुझ्या घराचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांनी तीच वेळ, तेच दार. कुणीतरी दारात उभं राहिलं आणि हाक मारली, "धोंड्याऽ."

लीना होती. बाळाला कडेवर घेऊन अंगणात खेळवत होती. तिला माहीतही नव्हतं की मी भिंतीअलीकडे आहे. माझ्या तोंडून सवयीनं गेलंच, "ओ!" तिकडं लीना दचकली आणि मग हसायला लागली, आणि बाळ खिदळलं.

इनास, आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. कुठली रीत बरी, मला माहीत नाही. पण यावेळी नाव एकच आहे आणि दोघंही जिवंत आहेत.